टवके उडालेलं होडकं

रोममध्ये पियात्सा दी स्पान्या नावाचा चौक आहे. युरोपची सहल करून आलेल्या कुणाच्याही फोनमध्ये तो सापडतोच: मागे वर चढत गेलेल्या रुंद पायऱ्या, माथ्यावर दोन मनोऱ्यांचं चर्च आणि पुढ्यात, रस्त्याहून थोडी खाली, अर्धी बुडाल्यासारखी दगडी होडी. २०१४ मध्ये होडीची डागडुजी झाली, २०१६ मध्ये पायऱ्यांची. त्यानंतर दोन्हींची नासधूस झाली, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि दर वेळी महापौर, मंत्री, पोलीस, एकदा तर परका राजदूतसुद्धा बोलायला पुढे आला. या बोलण्याचा हिशेब मांडला की एक गोष्ट लक्षात येते. राजकारण्यांचा आवाज किती चढणार, हे दगडाचं किती नुकसान झालं यावरून ठरत नाही. ते कुणी केलं आणि त्याला धारेवर धरणं किती सोयीचं आहे, यावरून ठरतं.

होडी नव्हे, होडकं

कारंज्याचं नाव बार्काच्चा. इटालियनमध्ये होडीला बार्का म्हणतात. त्याला ‘आच्चा’ हे शेपूट लागलं की होडीचं होडकं होतं, जुनाट आणि कामातून गेलेलं. पोप आठवे अर्बन यांच्या हुकमावरून पिएत्रो बेर्निनी याने १६२७ ते १६२९ या काळात ते घडवलं. त्याचा मुलगा जान लोरेन्झो, जो पुढे बापाहून कितीतरी मोठा शिल्पकार झाला, याचाही या कामाला हात लागला होता असं मानतात. १५९८ च्या नाताळात टायबरला महापूर आला आणि पाणी ओसरल्यावर या चौकात एक होडी रुतून राहिली, त्यावरून ही कल्पना सुचली, अशी दंतकथा रोमचे वाटाडे रंगवून सांगतात.

दंतकथा खरी असो वा नसो, आकारामागचं व्यवहारी कारण पाण्याचं आहे. इथलं पाणी येतं ते आक्वा व्हेर्जिने या जलवाहिनीतून. तिचं मूळ इसवी सनापूर्वी १९ साली अग्रिप्पाने बांधलेल्या कालव्यात. त्रेव्हीच्या प्रसिद्ध कारंज्यालाही तीच पाणी पुरवते. पण या चौकात दाब इतका कमी होता की पाणी उंच उडवणं शक्य नव्हतं. मग बेर्निनीने हौदच जमिनीत खाली घेतला, त्यात बुडती होडी ठेवली आणि पाणी तिच्या काठांवरून संथपणे ओघळू दिलं. अडचणीतून इतकं देखणं काही निघालेलं क्वचितच पाहायला मिळतं. होडीच्या दोन्ही टोकांना आतल्या अंगाने पाणी ओतणारे सूर्याचे मुखवटे आहेत, बाहेरच्या अंगाला पोपच्या बार्बेरिनी घराण्याच्या मधमाश्या.

या रचनेचा एक परिणाम असा की कारंजं उंच चौथऱ्यावर, माणसांपासून लांब नाही. दोन पायऱ्या उतरलं की दगडाला हात लागतो. हात लागतो तिथे बाटलीही लागते. आणि दगड आहे ट्रॅव्हर्टाइन, तिवोलीच्या बाजूला निघणारा चुनखडीचा प्रकार. कोलोसियमही त्याचंच. ऊनपावसात शतकानुशतकं टिकणारा, पण अंगावर बारीक भोकं असलेला. त्याच्या कडेवर काच आपटली तर कड सरळ उडते. उडालेला तुकडा सापडला तर चिकटवता येतो, नाहीतर चुना आणि दगडाची भुकटी कालवून खाच भरता येते. पण छिन्नीने घडवलेली मूळ कड गेली ती गेलीच.

१९ फेब्रुवारी २०१५

या कारंज्याची दुरुस्ती सप्टेंबर २०१४ मध्ये संपली. खर्च सुमारे दोन लाख युरो. त्याला पाच महिने झाले आणि रोममध्ये युरोपा लीगचा फुटबॉल सामना ठरला: ए. एस. रोमा विरुद्ध नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा फेयनोर्ड.

फेयनोर्डचे हजारो पाठीराखे सामन्याआधीच शहरात येऊन थडकले. आदल्या संध्याकाळी काम्पो दे फ्योरी या बाजाराच्या चौकात पोलिसांशी त्यांची पहिली झटापट झाली. म्हणजे दुसऱ्या दिवशी काय होऊ शकतं याची चाहूल लागलेली होती. तरीही १९ तारखेच्या दुपारी पियात्सा दी स्पान्यात बिअरच्या बाटल्यांचे खोकेच्या खोके उघडले गेले. धुराच्या नळकांड्या पेटल्या, पोलीस चालून गेले, बाटल्या उडाल्या. चौक रिकामा झाला तेव्हा होडीत पाण्यापेक्षा कचरा जास्त होता. डबे, काचा, प्लॅस्टिकच्या पिशव्या. पाणी उपसून पाहणी केली तेव्हा दगडाला शंभरावर टवके आणि ओरखडे मोजले गेले. काही नुकसान कायमचं आहे, असं शहराच्या वारसा विभागाने जाहीर केलं.

त्या संध्याकाळचा सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. कुणाच्या तो लक्षातही नसेल.

मोडेल तो भरेल

महापौर होते इग्नात्सियो मारिनो, पेशाने यकृतरोपण करणारे शल्यचिकित्सक. त्यांनी लगेच भूमिका घेतली की ज्याने मोडलं त्याने भरावं. ऐकायला सरळ वाटतं. पण 'ज्याने' म्हणजे कुणी?

इथेच गाडी अडली. पाठीराख्यांनी भरावं म्हणावं, तर काहींना अटक झाली आणि खटलेही चालले; पण दंगलीत भाग घेतला हे सिद्ध करणं वेगळं आणि अमुक टवका अमक्याच्या बाटलीने उडाला हे सिद्ध करणं वेगळं. क्लबने भरावं म्हणावं, तर प्रकार मैदानाबाहेर, सामन्याच्या आधी घडलेला. डच सरकारने भरावं म्हणावं, तर आपल्या नागरिकाने परदेशात बाटली फेकली म्हणून सरकारने भरपाई द्यायची हा पायंडा कुठलंच सरकार पाडणार नाही. नेदरलँड्सने निषेध केला, लाज वाटते असं सांगितलं आणि दोषी व्यक्तींकडून वसूल करा, असं सुचवलं. राजनैतिक भाषेत याचा अर्थ, बिल आमच्याकडे पाठवू नका.

पुढे आली ती साधी माणसं. झाल्या प्रकाराने शरमलेल्या काही डच नागरिकांनी रोमसाठी वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो हाच भाग. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनी खिशात हात घातला आणि ज्यांच्या हातात अधिकार होते ते जबाबदारी कुणाची यावर बोलत राहिले.

पोलीस कुणाचे?

दुसरा वाद रोमच्या आतला होता. पोलिसांनी हे होऊ कसं दिलं? महापौरांनी बोट दाखवलं ते पोलीस प्रमुखांकडे आणि गृहमंत्रालयाकडे. आपल्याला यात काही नवल वाटणार नाही, कारण मुंबईतही रस्ते, दिवे, कारंजी महापालिकेची आणि पोलीस मात्र राज्याच्या गृहखात्याचे. इटलीत कायदा आणि सुव्यवस्था केंद्रीय गृहमंत्रालयाकडे असते. प्रत्येक प्रांतात त्याचे दोन अधिकारी असतात, एक प्रेफेक्ट आणि दुसरा पोलीस प्रमुख म्हणजे क्वेस्तोरे. महापौराच्या हाताखाली नगरपोलीस असतात खरे, पण त्यांचं काम प्रामुख्याने वाहतूक, फेरीवाले आणि नगरपालिकेचे नियम. दंगल त्यांच्या आवाक्यातली नाही.

पोलिसांचं म्हणणंही अगदी टाकाऊ नव्हतं. दुकानं, पर्यटक, लहान मुलं यांनी भरलेल्या चौकात दारू प्यायलेल्या हजारोंच्या जमावावर लाठ्या चालवल्या असत्या तर चेंगराचेंगरीत माणसं गेली असती, असा त्यांचा युक्तिवाद. दगड की जीव, असा प्रश्न विचारला की उत्तर एकच येतं. पण खरा प्रश्न त्याच्या कित्येक तास आधीचा होता: आदल्या रात्री तमाशा पाहिल्यावरही त्या भागातली दारूविक्री कडेकोट बंद का झाली नाही आणि एवढा जमाव या चौकात येऊच का दिला? त्याचं उत्तर देण्यापेक्षा गृहमंत्री आंजेलिनो आल्फानो यांच्या नावाने शंख करणं विरोधकांना सोपं होतं आणि महापौरांना तर फारच सोयीचं.

मारिनो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पायउतार झाले, पण ते कारंज्यापायी नव्हे. सरकारी खर्चातल्या जेवणांच्या बिलांचं प्रकरण त्यांना भोवलं.

पायऱ्यांची पाळी

आता चौकाची दुसरी बाजू. खालचा चौक आणि वरचं त्रिनिता देई मोंती हे चर्च यांना जोडणाऱ्या या पायऱ्या फ्रान्चेस्को दे सांक्तिस याने १७२३ ते १७२६ या काळात बांधल्या. पैसे आले एका फ्रेंच मुत्सद्द्याच्या मृत्युपत्रातून, चर्चही फ्रेंचांच्या आश्रयाखालचं. नाव मात्र स्पॅनिश, कारण चौकात स्पेनचा वकिलातवाडा. फ्रेंचांनी खर्च करावा आणि नाव स्पेनचं व्हावं, याचा पॅरिसला आजही थोडा सल असेल.

२०१५ च्या शरदात या पायऱ्या दुरुस्तीसाठी बंद झाल्या. इथला पैसा सरकारी नव्हता. रोममध्येच १८८४ साली सुरू झालेल्या बुल्गारी या जवाहिऱ्या घराण्याने पंधरा लाख युरो दिले. तेव्हा इटलीत ही पद्धतच रुळत होती. कोलोसियमसाठी टॉड्स या चामड्याच्या कंपनीने अडीच कोटी युरो देऊ केले होते, त्रेव्हीच्या कारंज्यासाठी फेंडीने बावीस लाखांच्या आसपास खर्च केला. शिवाय २०१४ च्या एका कायद्याने वारशासाठी देणगी देणाऱ्याला देणगीच्या ६५ टक्के रकमेची करसवलत मिळू लागली होती. तिजोरी रिकामी आणि वास्तू हजारो, अशा देशाला दुसरा मार्ग तरी कुठला?

पायऱ्यांवरून च्युइंगम खरवडलं, वाइनचे आणि कॉफीचे डाग काढले, खिळखिळे दगड बसवले. सप्टेंबर २०१६ मध्ये पायऱ्या पुन्हा खुल्या झाल्या. पण देणगीदारालाच धास्ती. पाओलो बुल्गारी यांनी उघडपणे सुचवलं की रात्री पायऱ्या अडथळा घालून बंद ठेवाव्यात, नाहीतर काही महिन्यांत होत्या तशा होतील. त्यावर रोमकरांनी कान टवकारले. या पायऱ्या म्हणजे रस्ता, वरच्या वस्तीतून खाली यायची वाट. जवाहिऱ्याने पैसे दिले म्हणून रस्त्याला फाटक बसवायचं का? फाटक बसलं नाही. पण सार्वजनिक जागेला खासगी पैसा लागला की तिचा वापर कसा व्हावा यावर देणाऱ्याचं मत येणारच, हे त्या वादात दिसलं. देणगीच्या पाटीवर हे लिहिलेलं नसतं.

बसू नका

मग २०१९ मध्ये महापौर व्हिर्जिनिया राज्जी यांच्या कारकिर्दीत शहराची नवी नियमावली आली आणि ऑगस्टपासून पोलिसांच्या शिट्ट्या घुमू लागल्या. पायऱ्यांवर बसायला बंदी. दंड २५० युरो; घाण केली किंवा काही बिघडवलं तर ४०० पर्यंत. १९५३ च्या 'रोमन हॉलिडे' चित्रपटात ऑड्री हेपबर्न आइस्क्रीम खाते ती याच पायऱ्यांवर. ते दृश्य पाहून जगभरातून लोक आइस्क्रीम घेऊन इथे येतात आणि त्यांनाच इथे उठवलं जातं. कलासमीक्षक आणि राजकारणी व्हित्तोरियो स्गार्बी यांनी हा नियम फॅसिस्ट छापाचा असल्याची टीका केली. पायऱ्या शेवटी असतात कशाला, हा प्रश्न दुकानदारांपासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांनी विचारला. दुसरीकडे, दिवसभर तिथे ठिय्या मारून पिझ्झाचे तुकडे आणि सॉसची पाकिटं टाकणाऱ्या गर्दीला कंटाळलेलेही कमी नव्हते.

हा नियम माझ्या मते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातला आहे. कारण मोठं नुकसान झालं ते बसणाऱ्यांकडून नव्हे.

मे २०२२ मध्ये सौदी अरेबियाचा एक पर्यटक भाड्याने घेतलेली मासेराती घेऊन रात्री थेट पायऱ्यांवरून खाली उतरू लागला. दोन पायऱ्यांचा दगड फुटला. गाडी तिथून काढून तो निसटला, पण मिलानच्या विमानतळावर पकडला गेला आणि त्याच्यावर वारसा वास्तूचं नुकसान केल्याचा गुन्हा दाखल झाला. महिना उलटला नाही तोच पहाटे तीनच्या सुमारास एक अमेरिकन जोडपं विजेच्या स्कूटर घेऊन तिथे आलं. त्यातल्या बाईने स्कूटर पायऱ्यांवरून खाली ढकलली. नुकसान सुमारे २५ हजार युरोंचं. दंड प्रत्येकी ४०० युरो आणि पायऱ्यांवर पुन्हा येण्यास बंदी.

म्हणजे रकमेपुरतं बोलायचं तर पायरीवर बसून आइस्क्रीम सांडणारा आणि अठराव्या शतकातली पायरी फोडणारा एकाच पंक्तीत.

कोळशाचं पाणी

यानंतर पाळी पुन्हा होडक्याची. १ एप्रिल २०२३ रोजी 'उल्तिमा जेनेरात्सियोने', म्हणजे शेवटची पिढी, या हवामान-आंदोलकांच्या गटाने बार्काच्चात काळं पाणी ओतलं. वनस्पतींपासून केलेल्या कोळशाची पूड पाण्यात कालवली होती. काही मिनिटांत होडी शाईच्या हौदात उभी असल्यासारखी दिसू लागली. मे महिन्यात त्यांनी पियात्सा नाव्होनातल्या चार नद्यांच्या कारंज्यात तेच केलं, आणि २१ तारखेला त्रेव्हीच्या कारंज्यात. त्याच आठवड्यात उत्तरेत एमिलिया-रोमान्या प्रांतात महापुराने बळी घेतले होते आणि आंदोलकांनी आपलं म्हणणं त्या पुराशी जोडलं.

कोळसा धुतला जातो, दगडाला काही होत नाही, असा त्यांचा दावा. महापौर रोबेर्तो ग्वाल्तिएरी यांचं उत्तर असं की त्रेव्हीचा हौद रिकामा करायला तीन लाख लिटर पाणी फेकून द्यावं लागतं. पाण्याच्या टंचाईवर बोलणाऱ्यांनी पाणी वाया घालवलं. दोन्ही बाजूंमध्ये तथ्य आहे. पूड सच्छिद्र दगडात मुरण्याआधी उपसावी लागते, पंप साफ करावे लागतात, त्याला माणसं आणि पैसे लागतात. पण २०१५ सारखा टवका त्यात उडत नाही, हेही तितकंच खरं.

आणि तरीही कायदा आला तो याच वेळी. जानेवारी २०२३ मध्ये याच गटाने सिनेटच्या इमारतीवर रंग फेकला होता, तेव्हापासून वातावरण तापलेलं होतंच. होडक्यात कोळसा ओतल्यानंतर दहा दिवसांनी, ११ एप्रिलला, जॉर्जा मेलोनी यांच्या मंत्रिमंडळाने संस्कृतिमंत्री जेनारो सान्जुलियानो यांचं विधेयक मंजूर केलं. २२ जानेवारी २०२४ चा सहावा कायदा म्हणून ते पुस्तकात गेलं. वृत्तपत्रांनी त्याला पर्यावरणी विध्वंसकांचा कायदा असं नाव पाडलं. त्यात वास्तू विद्रूप केल्यास १० ते ४० हजार युरो, नुकसान किंवा नाश केल्यास २० ते ६० हजार. हा दंड प्रेफेक्ट लावतो, फौजदारी निकालाची वाट न पाहता. आणि वसूल झालेला पैसा संस्कृती खात्याकडे, दुरुस्तीसाठी जातो. फौजदारी शिक्षा वेगळी. ती मार्च २०२२ मध्येच कडक झाली होती, नुकसान किंवा नाश केल्यास दोन ते पाच वर्षं कैद आणि वर दंड.

मोडेल त्याच्याकडून लगेच वसूल करायचं आणि ते पैसे दुरुस्तीला लावायचे, ही या कायद्यातली कल्पना मला पटते. मारिनोंना २०१५ मध्ये नेमकं हेच हत्यार हवं होतं. फरक एवढाच की तेव्हाचे दोषी हजारोंच्या गर्दीत मिसळलेले परदेशी होते, सामना संपताच निघून गेलेले. २०२३ चे आंदोलक कारंज्यातच उभे, चेहरे उघडे, हातात फलक, पोलीस येईपर्यंत थांबलेले. पकडायला सोपे, आणि सरकारच्या मतदारांना न आवडणारे. हीच शिक्षा फुटबॉलच्या दंगलखोराला वेळेवर लागू करता येईल का, हे कलमांवर नव्हे, त्या दुपारी चौकात किती पोलीस आणि किती कॅमेरे आहेत यावर ठरेल.

तुलनेसाठी, आपल्याकडे केंद्राच्या संरक्षित स्मारकाचं नुकसान केल्यास १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ही वाढ २०१० च्या दुरुस्तीतली. गडाच्या दरवाजावर बाण घुसलेला बदाम आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नावं कोरणाऱ्यांना हे माहीत असतं असं दिसत नाही. रोमही त्याला अपवाद नाही. जून २०२३ मध्ये कोलोसियमच्या भिंतीवर किल्लीने आपलं आणि प्रेयसीचं नाव कोरणाऱ्या एका पर्यटकाने नंतर महापौरांना माफीचं पत्र लिहिलं. ही वास्तू किती जुनी आहे ते मला घटनेनंतर कळलं, असं त्यात होतं.

एप्रिल २०२३ चा दुसरा सामना

योगायोग असा की कोळशाच्या त्याच एप्रिलमध्ये रोमा आणि फेयनोर्ड पुन्हा समोरासमोर आले. पुन्हा युरोपा लीगच, या वेळी उपांत्यपूर्व फेरी. आठ वर्षांपूर्वीची दुपार कुणी विसरलं नव्हतं. रोमच्या प्रेफेक्टने नेदरलँड्समधल्या रहिवाशांना तिकिटं विकायलाच बंदी घातली. २० एप्रिलला ऑलिंपिक स्टेडियममध्ये फेयनोर्डच्या पाठीराख्यांची बाजू नव्हती. भाषण नाही, विधेयक नाही, एका अधिकाऱ्याचा एक आदेश. वर्गणी काढणारे भले डच लोकही त्यात बाहेरच राहिले, हे मात्र खरं.

तुम्ही गेलात तर

सहलीच्या बसमधून उतरल्यावर आपल्याकडच्या माणसाचं पाऊल आधी सावली शोधतं आणि मग टेकायला पायरी. इथे टेकू नका. बॅग ठेवायलाही वाकलात तरी शिट्टी येऊ शकते. पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढायला हरकत नाही, चढून वर गेलात तर शहराचे घुमट दिसतात. पायऱ्या चढण्याआधी उजव्या हाताला पाहा: ज्या घरात २३ फेब्रुवारी १८२१ रोजी कवी कीट्सने प्राण सोडला, ते आता संग्रहालय आहे.

कारंज्यात पाय बुडवणं, नाणी वेचणं, कपडे ओले करणं, सगळ्याला दंड आहे. रस्त्याकडेच्या नळाच्या चोचीला थेट तोंड लावायलाही २०१९ च्या नियमावलीत मनाई आहे. बार्काच्चाच्या दोन्ही टोकांना मात्र पाण्याच्या धारेपर्यंत पोहोचायला दगडी पट्ट्या आहेत. तिथे वाकून बाटली भरता येते. पाणी गार असतं, आणि फुकट.